चाळिसाव्या दिवसाचं कार्ड

१

चाळिसाव्या दिवशी सकाळी सव्वासहा वाजता आजींनी कमरेच्या पिशवीत हात घातला. सुनेचं कार्ड निघालं, दोन वर्षांच्या नातीचं निघालं. आजींचं स्वतःचं काही निघेना.

"असेल हो तिथंच, नीट बघा," कंपाउंडर म्हणाला. आजींच्या मागे रांगेत अजून साठ माणसं उभी होती.

"नाही," आजी पुन्हा न चाचपताच म्हणाल्या. "चोरलं कुणीतरी."

रांग एकदम गप्प झाली. त्या जहाजावर माणूस हरवला असता तरी एवढी शांतता पसरली नसती. कार्ड म्हणजे तळहाताएवढा गुलाबी पुठ्ठा, त्यावर चाळीस चौकोन. रोज सकाळी कंपाउंडर खालच्या डेकच्या जिन्यापाशी उभा राहायचा, कपाळाला हात लावायचा, जीभ बघायचा आणि त्या दिवसाच्या चौकोनात पंचाने भोक पाडायचा. चाळीस भोकं म्हणजे चाळीस दिवस माणूस धडधाकट. नवं कार्ड करून एका बैठकीत सगळी भोकं पाडून द्यावीत, तर तीही वाट बुजवलेली होती. दर दहा दिवसांनी पंच बदलायचा, आधी गोल, मग चौकोन, मग त्रिकोण, मग चांदणी, आणि जुना पंच कप्तानाच्या पेटीत मोहोरबंद व्हायचा. ती पेटी आता थेट किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यासमोरच उघडणार होती.

जिन्याशेजारी नियमांचा तक्ता टांगलेला होता. कार्ड नसेल त्याला त्याच जहाजाने परत. आणि जहाज दुपारी चारला निघणार होतं.

गोल खिडकीतून धक्का दिसत होता. लोखंडी कठड्यापलीकडे आजींचा मुलगा पहाटेपासून उभा होता. कारखान्यात लेथवर काम करायचा. गर्दीत ओळखू यावं म्हणून त्याने काठीला पांढरं फडकं बांधलं होतं. अडीच वर्षांपूर्वी तो इकडे आला तेव्हा मुलगी जन्मलीही नव्हती. आता तिकडचं घर विकून आई, बायको आणि लेक त्याच्याकडे आल्या होत्या. परत जाऊन राहायला कुणाला छप्पर उरलेलं नव्हतं.

"हे तुमच्या जिन्यातलं प्रकरण," जहाजाचे डॉक्टरसाहेब कंपाउंडरला म्हणाले. "बाराला माणसं किनाऱ्यावर तपासणीच्या हॉलमध्ये न्यायची. तोवर शोधा." आणि ते चहाला गेले.

हरवलेल्या वस्तू शोधण्यात कंपाउंडरचं जहाजावर नाव होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याने एकदा कप्तानाची कवळी सुपाच्या पातेल्यातून काढून दिली होती. आजींचं कार्ड तर त्याला पाठच होतं. एकोणिसाव्या दिवशी जहाज डुललं, पंच निसटला आणि कार्डाचा वरचा कोपरा त्याच्याच हातून फाटला होता.

त्याने पिशवी मागून घेतली, उलटसुलट केली. तोंडाशी काळ्या दोऱ्याची शिवण होती, अगदी ताजी.

"ही कुणी घातली?"

सुनेने समोरच्या झोपायच्या फळीवर बसलेल्या बाईकडे बघितलं.

२

त्या बाईला सगळे मशीनबाई म्हणत. शिवणयंत्र पोटाशी धरून ती चाळीस दिवस त्याच्या शेजारी झोपली होती. एकटीच आलेली. प्रवासाच्या बाविसाव्या ते चोविसाव्या दिवशी ती तापाने फणफणली होती आणि तिच्या कार्डावर तेवढे तीन चौकोन कोरे होते. तीन कोरे चौकोन म्हणजे किनाऱ्यावरच्या बंद बराकीत दहा दिवस. पूर्ण कार्डाची गरज कुणाला असेल तर तिला, हा हिशेब डेकवरच्या बायकांनी कंपाउंडरच्या आधीच करून टाकला होता. कार्डावरचं नाव शाईनं लिहिलेलं, आणि शाई लिंबाने जाते हे सगळ्यांना माहीत होतं.

"बघा, सगळं बघा," ती म्हणाली आणि तिने ट्रंक उपडी केली. रिळं, कात्री, दोन लुगडी, बटणांचा डबा. मशीनचं खालचं झाकणसुद्धा उघडून दाखवलं. "दहा दिवस बराकीत राहीन मी. त्यात काय मरतेय? त्यासाठी म्हातारीला देशोधडीला लावू?"

"मग शिवण?"

"काल दुपारी आजींनीच दिली शिवायला. तोंड सैल झालंय म्हणाल्या. मी इतकं बारीक करून दिलं की माझाही हात आत जाईना. त्यांचाच जातो."

"तेव्हा कार्डं किती होती?"

"तीन. मी शिवत होते तोवर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकेका कार्डावर अंगठा फिरवत होत्या, जपाला बसल्यासारख्या."

कंपाउंडर विचारात पडला. झोपलेल्या बाईच्या कमरेच्या पिशवीतून, अंधारात, इतक्या अरुंद तोंडातून काढायचं, तर हाताला लागेल ते ओढून चोर पसार होईल. तिन्ही कार्डं एका मापाची. त्यातलं नेमकं आजींचंच कसं गेलं?

"संध्याकाळी काही वेगळं घडलं?"

"संध्याकाळी सगळ्यांचीच धांदल. गाद्या टाकायच्या होत्या ना." शेवटच्या संध्याकाळी गवताच्या गाद्या समुद्रात टाकायच्या, ही जहाजाची रीतच होती. चाळीस दिवसांच्या उवा-पिसवा किनाऱ्यावर नकोत म्हणून. "आजींनी मात्र हट्टच धरला. माझी गादी मीच टाकणार. एरवी तांब्या उचलताना हात थरथरतो त्यांचा. कठड्यापर्यंत कवटाळून नेली."

कंपाउंडर उठला तसा तिने आवाज खाली आणला.

"माझ्या ट्रंकेत डोकं घालण्यापेक्षा सुनेला विचारा. काल ती सासूला काय बोलली ते अख्ख्या डेकने ऐकलंय."

३

सून खिडकीशी उभी होती. लेक कडेवर झोपली होती. बाहेर पांढरं फडकं अधूनमधून हलत होतं.

"तुम्ही मागं राहिला असता तर बरं झालं असतं, असं सासूला म्हणालात तुम्ही?"

"म्हणाले." तिने मान फिरवली नाही. "आता सगळे तेवढंच सांगतील. त्याच्या आधीचं कुणी सांगणार नाही."

"आधी काय झालं?"

"आठ दिवस आईंनी डोकं उठवलंय माझं. मी नसते तर तुम्ही दोघी सरळ उतरला असता ना? मी परत गेले तर तू त्याला काय सांगशील? एक नाही, दोन नाही, आठ दिवस. काल मीही वैतागले. म्हटलं, मग आधीच राहायचं होतं मागं." आता तिचा आवाज फुटला. "तोंडातून निघून गेलं हो. मी कशाला त्यांचं कार्ड घेऊ? घर विकलंय आम्ही. त्या गेल्या तर मीसुद्धा उतरणार नाही, सांगून ठेवते. या वयात एकटीला चाळीस दिवस पाठवू?"

कंपाउंडरने खूप खोटारडे ऐकले होते. ही त्यांच्यातली वाटेना. आणि खरंच उतरली नाही तर बाहेरचा तो माणूस काठी घेऊन संध्याकाळपर्यंत उभा राहील आणि रिकाम्या हाताने घरी जाईल.

"सकाळी रांगेत त्या तुमच्या शालीचं टोक धरून उभ्या होत्या," त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"रोजच धरतात. जहाज हलतं ना, तोल जातो म्हणतात."

जहाज पहाटे चारपासून दोरखंडांनी धक्क्याला बांधलेलं होतं. कपातला चहासुद्धा हलत नव्हता.

"हे मागं राहण्याचं आठ दिवसांपूर्वीच का सुरू झालं?" त्याने विचारलं.

सुनेने आठवून बघितलं.

"मास्तरीणबाईंनी तो तक्ता वाचून दाखवला, तेव्हापासून."

४

मास्तरीणबाई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीतच होता. चाळीस दिवसांत त्यांनी खालच्या डेकचा वर्ग करून टाकला होता. कंपाउंडरलाही त्यांनी आधी समोर बसवलं.

"सगळे नियम वाचले मी बायकांना. एक ते वीस. कुणाचं लक्ष नव्हतं. आजींचं मात्र होतं."

"काही विचारलं त्यांनी?"

"चौदावा नियम दोनदा वाचायला लावला. डोळ्यांत खुपऱ्या सापडल्या तर कागदावर नाव असलेलं सबंध कुटुंब परत. रोग पसरतो म्हणून. एकाला झाला तरी सगळे परत." त्यांनी बोट वर केलं. "मग विचारलं, आणि नुसतं कार्ड नसलं तर? मी म्हटलं, तर तेवढ्याच माणसाला."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही चोर शोधताय."

कंपाउंडर जिन्यावरच बसला आणि त्याने औषधांच्या पेटीतली नोंदवही उघडली. दर रविवारी प्रत्येकाची पापणी उलटी करून बघायची, असा त्याला हुकूम होता. पहिल्या रविवारी त्याने बघितल्या. त्या दिवशी आजी उलट्यांनी आडव्या पडल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांना सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी लोक ओरडले, पोरं रडली, रांग दुपारपर्यंत संपेना; उरलेली रांग, आजींसकट, त्याने तशीच सोडून दिली. तिसऱ्या रविवारपासून त्याने कुणाच्याच पापणीला हात लावला नाही. वहीत मात्र दोनशे बारा नावांपुढे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: डोळे ठीक.

एकोणचाळीस दिवस रोज सकाळी आजी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. त्याने कपाळ बघितलं, जीभ बघितली, कार्ड बघितलं. त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

तो उठला. आधी सुनेकडे गेला आणि "शेवटची तपासणी" म्हणून तिच्या आणि लेकीच्या पापण्या खिडकीच्या उजेडात उलट्या करून बघितल्या. दोघींचेही डोळे स्वच्छ होते. मग त्याने पेटीतून एक कोरं कार्ड काढलं. नाव नाही, भोक नाही. त्याचा वरचा कोपरा त्याने नखाने फाडला.

५

आजी उघड्या फळीवर बसल्या होत्या. गादी गेल्यामुळे फळीचे खिळे दिसत होते.

"आजी, कार्ड सापडलं," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने ते त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांचा अंगठा आधी कोपऱ्याकडे गेला. फाटलेली कड लागताच चेहऱ्यावरचा रंग उडाला. हरवलेली वस्तू मिळाल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो. यांचा जीव भांड्यातून बाहेर पडला होता.

"हे वर कसं आलं?" त्या पुटपुटल्या.

"कुठून वर, आजी?"

अंगठा खाली सरकला, चौकोनांवरून फिरला, भोकं शोधत राहिला. एकही लागलं नाही. मग त्यांना सगळं कळलं.

"कोरं आहे," कंपाउंडर म्हणाला. "दिसत असतं तर हातात घेण्याआधीच कळलं असतं."

"तुम्ही फार हुशार आहात असं ऐकलं होतं," आजी म्हणाल्या. "म्हणूनच भीती वाटत होती."

त्याने त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि पापणी उलटी केली. आत खरखरीत दाणेच दाणे होते, बुबुळावर धुरकट पापुद्रा. निघायच्या आधीपासूनच असणार.

"निघताना दिसत होतं थोडं," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हटलं. जहाजावर उजेडसुद्धा कमी झाला. खुपऱ्या म्हणतात याला, हे त्या मास्तरीणबाईंनी वाचलं तेव्हा कळलं. आमच्या शेजारणीला असंच झालं होतं. मग मी सुनेचा टॉवेल वापरायचं सोडलं, पोरीला जवळ घ्यायचं सोडलं. पोरगी रडायची माझ्याकडे यायला. सुनेला वाटलं मी रुसलेय."

"कार्ड गादीत घातलंत."

"गवतात खोल खुपसलं. गादी पडल्याचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं."

कंपाउंडरने डोकं खाजवलं. त्याने एकेक वाट चाचपून बघितली. कार्ड मिळालं असतं तरी हॉलमधला डॉक्टर पहिल्यांदा पापणीच उलटी करणार होता, आणि तिघी परत. अधिकाऱ्याला खरं सांगून गयावया केली, तरी तिघी परत. सुनेला खरं सांगितलं, तर ती सासूला सोडणार नाही, म्हणजे पुन्हा तिघी परत. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला हरवलेलं सापडलं होतं आणि ते कुणाला देता येत नव्हतं.

"मी दुसऱ्या रविवारी डोळे बघितले असते," तो म्हणाला, "तर मधल्या बंदरात उतरवून इलाज झाला असता कदाचित. महिनाभर मलम घातलं असतं तर. चूक माझी आहे, आजी."

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला माफ केलं नाही की दोषही दिला नाही. "आता त्याचं काय करायचं? एक मात्र निस्तरा. त्या मशीनवालीवर नाव येतंय. पिशवी मी खरंच सैल झाली म्हणून दिली होती. तिच्यावर आळ येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"परत जाऊन राहणार कुठे?"

"बहिणीचा जावई आहे. पडवीत जागा देईल. देईल बहुतेक."

वरून जिन्यावर बूट वाजले. पावणेबारा झाले होते. डॉक्टरसाहेबांनी खाली डोकावून विचारलं, "काय हो, चोर सापडला का?"

कंपाउंडरने आजींकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट झाले होते.

"सापडला साहेब," तो म्हणाला.

६

जिन्यापाशी सगळे जमले. मशीनबाई मशीनवर हात ठेवून उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. सून लेकीला थोपटत होती. मास्तरीणबाई पुढच्या रांगेत होत्या.

"चोरी झालेलीच नाही," कंपाउंडरने सुरुवात केली. "पिशवीचं तोंड इतकं लहान आहे की त्यात दुसऱ्या कुणाचा हात जात नाही. म्हणजे पिशवीतून कुणी काढलं नाही. मशीनबाईंच्या सामानात नाही आणि त्यांनी ते घेतलेलंही नाही. सुनेचा तर प्रश्नच नाही." एवढं सगळं खरं होतं. पुढचं नव्हतं. "काल सकाळी भोक पाडायला मी आजींचं कार्ड घेतलं. मागून कुणीतरी हाक मारली. मी कार्ड कठड्यावर ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे वळलो. परत दिलंच नाही. वाऱ्याने गेलं असणार. आजींनी समजलं की पिशवीत आहे."

"पण काल दुपारी तर..." मशीनबाईने तोंड उघडलं. तीन कार्डं तिने स्वतः बघितली होती. तिने कंपाउंडरकडे बघितलं, मग फळीवरच्या आजींकडे. मग ती खाली बघून मशीनवरची धूळ पुसू लागली. मास्तरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

डॉक्टरसाहेब लालबुंद झाले. "अकरा वर्षं काम करून हे? परत गेल्यावर पुन्हा या जहाजावर पाय ठेवायचा नाही."

"बरोबर आहे, साहेब."

सून त्याच्या अंगावर धावून आली. तिला धरावं लागलं. "तुमच्या एका हलगर्जीपणापायी," ती म्हणत राहिली, "एका हलगर्जीपणापायी." तिला ठाऊक नव्हतं ती किती खरं बोलतेय. कंपाउंडरने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मी नाही उतरणार," ती शेवटी म्हणाली.

"उतरायचं," आजी फळीवरून म्हणाल्या. "तो पहाटेपासून उभा आहे. त्याला त्याची लेक दाखव."

"तीन महिन्यांनी पुढचं जहाज आहे," कंपाउंडर म्हणाला. "नवं कार्ड करून येतील त्या. चूक आमची आहे, भाडं लागायचं नाही." त्याने हे डोळ्यांत डोळे घालून सांगितलं आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

सुनेने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. आजींनी तिच्या डोक्यावर कोपराने थापटलं, हात लावला नाही. सुनेला वाटलं अजून कालच्या बोलण्याचा राग आहे. ती तसंच समजून जिना चढली.

७

चारच्या आधी भोंगा झाला. सून आणि नात कठड्यापलीकडे पोचल्या होत्या. परत जाणारी पाच-सहा माणसं डेकवर आली. कंपाउंडर आजींना कोपराला धरून वर घेऊन आला.

"त्याला कळता कामा नये," आजी म्हणाल्या. "मी नीट बघितल्यासारखं करीन. कुठे आहे तो?"

त्या हात वर करून हलवू लागल्या, पण त्यांचं तोंड कोळशाच्या गोदामाकडे होतं. कंपाउंडरने मागून त्यांचे खांदे धरले आणि त्यांना डावीकडे वळवलं.

"आता समोर."

"वाळलाय का?"

"लांबून कळत नाही, आजी. उंच आहे. टोपी घातलीय."

"पोरगी कुणाकडे आहे?"

"त्याच्याकडे."

"गेली त्याच्याकडे?" त्यांचा हात क्षणभर थांबला. "परक्याकडे जात नाही ती."

"रडतेय. पण त्याच्याच कडेवर आहे. त्याची टोपी ओढतेय आता."

आजी हसल्या आणि जोरात हात हलवू लागल्या. दोरखंड सुटले. मुलगा काहीतरी ओरडला, ते भोंग्यात विरून गेलं. माणसं लहान झाली, कठडा एक रेघ झाला, मग वळण आलं आणि डोंगराच्या सोंडेआड बंदर झाकलं गेलं. बाकीचे लोक एकेक करून खाली गेले.

आजींचा हात अजून हलत होता. समोर नुसतं पाणी होतं. कंपाउंडर शेजारी उभा राहिला, आणि आता थांबवा म्हणून सांगायला काही त्याची जीभ रेटेना.